एकतीस तारखेचा ब्रेक

कुसुम वर्तक आणि राधा मेहेंदळे या दोघी पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं बरोबरीने शिकवत होत्या. कुसुमबाई मराठी, राधाबाई विज्ञान. शिक्षकखोलीत दोघींच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या आणि सहकारनगरात दोघींची घरंही एकाच इमारतीत, कुसुमबाई दुसऱ्या मजल्यावर आणि राधाबाई चौथ्या. कुसुमबाईंनी लग्न केलं नव्हतं. राधाबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगी अवनी बेंगळुरूला होती.

निवृत्त झाल्यावर दोघींनी मिळून एक छोटी गाडी घेतली. त्याआधी साठीच्या वयात दोघी गाडी शिकल्या, एकाच दिवशी परीक्षेला बसल्या आणि एकाच दिवशी पास झाल्या. गाडीच्या कागदांवर नाव कुणाचं लावायचं यावर अजिबात वाद झाला नाही. कुसुमबाईंचं लागलं, कारण हजेरीपटात क हा र च्या आधी येतो.

पाच वर्षं दोघी त्या गाडीतून वाई, भोर, जेजुरी असं कुठे कुठे हिंडल्या. मग गेल्या मार्चमध्ये सासवडच्या रस्त्यावर अंजीर घ्यायला थांबल्या. राधाबाईंनी टोपलीतलं एकेक अंजीर दाबून बघायला सुरुवात केली. चौदाव्या अंजिराला विकणारी बाई म्हणाली, "ओ मावशी, माल हाय का कणीक?" राधाबाईंनी आधाराच्या अपेक्षेने कुसुमबाईंकडे पाहिलं. कुसुमबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."

परतीच्या वाटेवर, दिवे घाट उतरून हडपसरला आल्यावर राधाबाई म्हणाल्या, "परक्या माणसासमोर तू माझा अपमान केलास." कुसुमबाई म्हणाल्या, "मी फक्त खरं बोलले." त्यानंतर दहा महिने दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

गाडी विकून टाकावी असं दोघींनाही सुचलं नाही, कारण विकायची तर बोलावं लागलं असतं. त्यामुळे चिठ्ठीने व्यवस्था ठरली. विषम तारखांना गाडी कुसुमबाईंची, सम तारखांना राधाबाईंची. किल्ली जिन्याखालच्या विजेच्या मीटरच्या कपाटात एका खिळ्याला, सकाळी सातच्या आत. एकतीस तारीख आली की लगेच एक तारीख येते आणि कुसुमबाईंना सलग दोन दिवस मिळतात, ही गोष्ट पहिल्याच महिन्यात राधाबाईंच्या लक्षात आली. मग असं ठरलं, की एकतीस तारखेला गाडी कुणाचीच नाही. त्या दिवशी ती पार्किंगमध्ये नुसती उभी राहायची.

जानेवारीच्या बारा तारखेला राधाबाई बँकेत निघाल्या. पहिल्याच वळणावर त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय आत आत जात राहिला. भिजवलेल्या पोह्यांवर पाय पडावा तसं पेडल लिबलिबीत लागलं. गाडी थांबली, पण तिला थांबायचं होतं म्हणून थांबल्यासारखी. राधाबाईंनी पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं, तेव्हा ते जरा वर आलं आणि घट्ट झालं. पुढच्या चौकात पुन्हा पोहे.

घरी आल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला अडकवली. "दि. १२. ब्रेकचं पेडल मऊ झाले आहे. काल गाडी वापरणाऱ्यांनी काही केले आहे का? रा. मे."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "दि. १३. 'झाले' लिहायचे असेल तर आधी 'ब्रेकचे' लिहावे. पेडल नऊ तारखेपासून मऊ आहे. आम्हाला वाटले, सवय होईल. कु. व."

राधाबाईंनी तीस वर्षं आठवीच्या मुलांना शिकवलं होतं, की द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. पाण्याने भरलेल्या पिचकारीचं तोंड बोटाने बंद केलं तर दांडा हलत नाही, हवेने भरली असेल तर हलतो. ब्रेकमध्ये तेल असतं. पेडल मऊ लागतंय, म्हणजे तेलात हवा शिरली आहे. त्यांनी चौदा तारखेला बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या डबीवर वरची आणि खालची अशा दोन रेघा होत्या आणि तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. त्यांनी बाटली विकत आणली आणि डबी काठोकाठ भरली.

पंधरा तारखेला कुसुमबाईंनी पेडल दाबलं. मऊ. त्यांनीही बॉनेट उघडलं. विज्ञानाशी त्यांचा संबंध नव्हता, पण स्वयंपाकघराशी होता. डबी काठोकाठ भरलेली बघून त्यांना कारण लगेच कळलं. पाणी जास्त झालं की भात मऊ होतो, दुसरं काय? त्यांनी कानात औषध घालायचा ड्रॉपर घरून आणला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत थेंब थेंब करत तेल खालच्या रेघेपर्यंत काढलं. थोडं तेल गाडीच्या पुढच्या पत्र्यावर सांडलं. संध्याकाळपर्यंत तिथल्या रंगाला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या.

सोळा तारखेला राधाबाईंना डबी रिकामी दिसली. त्यांनी भरली. सतरा तारखेला कुसुमबाईंनी काढलं. अठराला राधाबाईंनी भरलं. गाडी रोज एवढं तेल कुठे पिते हे त्यांना कळेना. एकोणीसला कुसुमबाईंनी दुसरी बरणी काढली. चिठ्ठ्या दोघींनीही बंद केल्या होत्या, कारण आपण बरोबर आहोत याची दोघींना पुरेपूर खात्री होती.

वीस तारखेला राधाबाई मार्केट यार्डात भाजीला गेल्या. फ्लॉवरच्या गाळ्यापाशी त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल या वेळी थेट जमिनीला टेकलं. गाडी चालण्याच्या वेगाने, सावकाश, पुढे सरकत राहिली.

"ओ बाई, ब्रेक मारा की!" पोतं पाठीवर घेतलेला एक हमाल ओरडला.

"मारलाय!" राधाबाई काच खाली करून म्हणाल्या.

"मग जोरात मारा!"

"जोरातच मारलाय!"

एवढा संवाद व्हायला वेळ मिळाला, इतकी गाडी हळू होती. मग ती फ्लॉवरच्या ढिगात शिरली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही. राधाबाईंनी हॅण्डब्रेक ओढला, खाली उतरल्या, चिरडलेले नऊ फ्लॉवर विकत घेतले आणि दोन हमालांना गाडी ढकलायला सांगून गुलटेकडीतल्या विक्रम कुदळेच्या गॅरेजकडे चालत निघाल्या.

विक्रम चाळीस वर्षांचा होता. तो दोघींचाही विद्यार्थी. आठवीचं अख्खं वर्ष त्याने वर्गाबाहेर उभं राहून काढलं होतं, विज्ञानाच्या तासाला राधाबाईंमुळे आणि मराठीच्या तासाला कुसुमबाईंमुळे. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, कामात साईनाथ नावाचा भागीदार होता, दोन मुली होत्या. तरी राधाबाई दारात दिसल्यावर तो टायरवरून ताडकन उठला आणि हात मागे घेऊन उभा राहिला.

"बाई, तुम्ही?"

"मी. ब्रेकमध्ये हवा आहे. काढ."

विक्रमने डबीत डोकावून पाहिलं. "ऑइल कमी होत होतं का?"

"एक दिवसाआड. फक्त सम तारखेला."

विक्रमने जॅक लावला, मागचं डावं चाक काढलं आणि आतला ड्रम उपसून बाजूला ठेवला. आत सगळं ओलं होतं. काळपट तेल चाकाच्या आतल्या बाजूने ओघळून वाळलं होतं.

"हे बघा. हा व्हील सिलिंडर. पेडल दाबलं की तेल इथपर्यंत येतं आणि हा ब्रेकला ढकलतो. याचं रबर गेलंय. तेल बाहेर गळतंय, डबी रिकामी होते आणि मग हवा आत जाते."

"हवा!" राधाबाई म्हणाल्या. "मी म्हणतच होते. शाबास, विक्रम."

विक्रमला शाळेत असताना कुणीही शाबास म्हटलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. "नवा सिलिंडर टाकतो, हवा काढतो, दोन तासांत गाडी तयार," तो उत्साहाने म्हणाला.

राधाबाईंनी घड्याळातली तारीख पाहिली. "आज नको. आज वीस. आज उघडलंस आणि काही बिघडलं, तर ते माझ्यावर येईल."

"पण बाई, उघडलंयच."

"मग आहे तसं बंद कर."

एकवीस तारखेला विक्रमचा फोन गेल्यावर कुसुमबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत दोन बरण्या. विक्रमने त्यांनाही चाक दाखवलं, सिलिंडर दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बरण्या टेबलावर ठेवल्या.

"हे एवढं जास्त होतं," त्या म्हणाल्या. "मी काढलं, तरी फरक पडला नाही. तेव्हा तू म्हणतोस ते बरोबर असू शकेल."

विक्रमने एका बरणीचं झाकण उघडून वास घेतला. आंबट-गोड लोणच्याच्या वासाखाली दुसरा वास होता. "बाई, हे तुम्ही ब्रेकमधून काढलंत?"

"ड्रॉपरने."

विक्रम टायरवर बसला. बाईंसमोर आपण बसलो आहोत हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"आजच करून टाकतो, बाई," तो शेवटी म्हणाला.

"माझ्या तारखेला चाक उघडायचं नाही. उद्या त्यांनी म्हणायला नको, की माझ्या दिवशी गाडीची चिरफाड झाली."

"मग कधी?"

कुसुमबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

म्हणून गाडी दहा दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली. रोज संध्याकाळी विक्रमला फोन करावा लागायचा. "राधाबाई, उद्या बावीस. गाडी उद्या तुमच्या ताब्यात आहे." "ठीक आहे. तिथेच असू दे." मग दुसऱ्या दिवशी, "कुसुमबाई, उद्या तेवीस." साईनाथने एकदा विचारलं, की गाडी इथेच आहे, हलतही नाही, तर हे कशासाठी? विक्रम म्हणाला, "तू त्यांच्या शाळेत नव्हतास. गप्प बस."

एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता दोघी आल्या, वेगवेगळ्या रिक्षांनी, दोन मिनिटांच्या अंतराने. साईनाथ अक्कलदाढ काढायला गेला होता. विक्रमने सकाळीच नवा सिलिंडर बसवून ठेवला होता. आता फक्त हवा काढायची राहिली होती आणि त्याला माणसं लागणार होती.

"तीन कामं आहेत," विक्रम म्हणाला. दोघींकडे एकदम बघता येत नव्हतं, म्हणून तो मधल्या खांबाकडे बघून बोलत होता. "एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं. मी चाकापाशी बसून हवेचा नट सैल करणार. तेल आणि हवा नळीतून बाटलीत येईल. नट घट्ट केला, की मी 'सोडा' म्हणेन, तेव्हाच पाय काढायचा. आधी काढला तर हवा परत आत. आणि एकाने डबीवर लक्ष ठेवायचं. तेल संपत आलं की लगेच सांगायचं. डबी कोरडी पडली तर सगळं मुळापासून."

कुसुमबाई गाडीत जाऊन बसल्या. राधाबाई बॉनेटपाशी उभ्या राहिल्या. वर उचललेल्या बॉनेटमुळे दोघींना एकमेकींची तोंडं दिसत नव्हती आणि ते दोघींच्याही पथ्यावर पडलं.

"दाबा. धरा." नळीतून बुडबुडे आले. "सोडा. दाबा. धरा. सोडा."

सात-आठ वेळा असं झालं. डबीतलं तेल उतरत होतं. राधाबाईंना ते स्पष्ट दिसत होतं. "विक्रम," त्या म्हणाल्या, "पेडल दाबणाऱ्यांना सांग, थांबा म्हणावं. तेल कमी झालंय."

विक्रम चाकाखाली होता. "काय म्हणालात, बाई?"

"पेडल दाबणाऱ्यांना सांग, थांबा."

"कुसुमबाई, राधाबाई म्हणताहेत..."

"मला ऐकू आलं," आतून आवाज आला. "पण मला तू सांगितल्याशिवाय थांबता येणार नाही." आणि कुसुमबाईंनी पेडल आणखी एकदा दाबलं. डबीच्या तळाशी खुर्र असा आवाज झाला.

सगळं मुळापासून.

दुसऱ्या खेपेला राधाबाईंनी वेळेवर सांगितलं, पण विक्रमकडून निरोप पोचायच्या आतच कुसुमबाईंनी, आता थांबायचंच आहे असं धरून, पाय काढला. नट सैल होता. नळीतलं तेल सपकन आत ओढलं गेलं, त्याच्यामागून हवा. तिसऱ्या खेपेला विक्रमने दोघींच्या जागा बदलल्या. राधाबाई उंच असल्यामुळे त्यांनी सीट मागे सरकवली. कुसुमबाई डबीकडे बघत म्हणाल्या, "विक्रम, या डबीतलं तेल कमी होत आहे हे आत बसलेल्यांच्या कानावर घाल." हे वाक्य पूर्ण होईपर्यंत तेल संपलं.

चौथी खेप. पाचवी खेप. अडीच वाजले. विक्रमच्या बाहीतून तेल कोपरापर्यंत ओघळलं होतं. तो चाकाखालून बाहेर आला, पाना जमिनीवर ठेवला आणि उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला. आवाज चढला होता. "दोघी बाहेर व्हा."

"काय?" राधाबाई म्हणाल्या.

"बाहेर. भिंतीपाशी उभ्या राहा. मी बोलावेपर्यंत आत यायचं नाही."

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, तीस वर्षांच्या नोकरीत कुणाकडे पाहिलं नसेल अशा नजरेने. मग आधी कुसुमबाई आणि मागोमाग राधाबाई अशा निमूटपणे बाहेर गेल्या आणि गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

रस्त्यावरून कांद्याच्या गोण्यांचा एक टेम्पो गेला. मग मेथीच्या जुड्यांची पिशवी घेऊन कांताबाई आल्या. त्या शाळेत शिपाई होत्या, त्याही आता निवृत्त.

"अगं बाई! तुम्ही दोघी इथं उन्हात?"

कुसुमबाई म्हणाल्या, "वर्गाबाहेर काढलंय."

"कुणी?"

"विक्रम कुदळेने."

"कुदळे? तो खिडकीतून दप्तर टाकणारा?" कांताबाईंनी आत डोकावून पाहिलं, आणि आतलं वातावरण बघून डोकं पटकन बाहेर घेतलं. "पार रागावलाय. तसं त्यानं बाहेर लई दिवस काढलेत. अंगठे धरायला तर नाही ना सांगितलं?"

"नाही."

"मग चालंल," कांताबाई म्हणाल्या, आणि दोघींना एकेक मेथीची जुडी देऊन पुढे गेल्या.

दोघी हातात जुड्या धरून उभ्या होत्या. बराच वेळ झाल्यावर राधाबाई समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "नऊ तारखेपासून मऊ होतं, आणि तू मला तेराला सांगितलंस."

दहा महिन्यांनंतरचं हे पहिलं वाक्य होतं. कुसुमबाईंनी जुडीची एक काडी मोडली.

"दहा तारखेला, अकराला, बाराला," राधाबाई पुढे म्हणाल्या. "मी फ्लॉवरच्या ढिगात गेले. तिथे ढीग नसता तर?"

"नऊ तारखेलाच चिठ्ठी लिहायला बसले होते," कुसुमबाई म्हणाल्या. "'ब्रेक मऊ आहे' एवढं लिहिलं. पुढे 'जपून' असं लिहायचं होतं. जपून चालव, असं लिहायला हात धजेना. 'गाडी वापरणाऱ्यांनी जपून चालवावी', हे लिहून बघितलं, तर एस.टी.तली सूचना वाटायला लागली. 'आपण जपून चालवावी' लिहिलं, ते खोटं वाटलं. चार वेळा लिहिलं आणि खोडलं. मग राहिलंच."

"तीस वर्षं मराठी शिकवलंस तू."

"तेच तर."

राधाबाईंना हसू आलं, आणि ते दाबायला त्यांनी जुडी तोंडासमोर धरली. कुसुमबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "या कांताबाईंची मेथी नेहमी जून असते." राधाबाई म्हणाल्या, "नेहमी."

विक्रमने दारातून हळूच डोकं बाहेर काढलं. "बाई, या आत. माझं चुकलं."

"चुकलं नाही," राधाबाई म्हणाल्या. "आता मी चाकापाशी बसते. तू डबी सांभाळ. मला ती हवा बघायची आहे."

सदुसष्टाव्या वर्षी राधाबाई पोत्यावर मांडी घालून चाकापाशी बसल्या आणि विक्रमने त्यांच्या हातात पाना दिला. कुसुमबाई आत बसल्या, सीट पुढे ओढून.

"दाब," राधाबाई ओरडल्या.

विक्रमने मान वर केली. दाबा नव्हे, दाब.

"धर!"

"धरलंय!"

नळीत आधी गढूळ तेल आलं, मग एक मोठा, गोल, चकचकीत बुडबुडा निघाला आणि सावकाश बाटलीकडे चालू लागला.

"आली! कुसुम, आली! केवढी आहे! हरभऱ्याएवढी!"

"खरंच?"

"अगं, एकामागून एक! तीस वर्षं ही हवा नुसती फळ्यावर काढत होते मी!"

"थांब, मला बघू दे," कुसुमबाई म्हणाल्या, आणि पेडल सोडून गाडीतून उतरल्या.

हरभऱ्याएवढी हवा आल्या वाटेने सगळीच्या सगळी परत आत गेली. विक्रमने डोळे मिटून घेतले.

मग तो स्वतः पेडलवर बसला आणि दोघी चाकापाशी एकाच पोत्यावर बसून नळीकडे बघत राहिल्या. राधाबाई पाना फिरवायच्या आणि कुसुमबाई हुकूम सोडायच्या. प्रत्येक बुडबुड्याचा आकार त्या मोठ्याने जाहीर करत. हरभरा, मूग, मोहरी, खसखस. मध्ये मध्ये डबीत तेल घालायला विक्रम धावायचा आणि परत येऊन बसायचा. मग नुसतं स्वच्छ, सोनेरी तेल यायला लागलं. राहिलेल्या तीन चाकांचंही तसंच झालं. सगळं संपल्यावर आधी कुसुमबाईंनी आणि मग राधाबाईंनी पेडल दाबून बघितलं. ते दोन बोटं आत गेलं आणि दगडासारखं थांबलं.

"चालवून बघायला पाहिजे," विक्रम म्हणाला. दोघी मागच्या सीटवर बसल्या. विक्रमने गाडी सातारा रस्त्याला घेतली.

"हॉर्न कशासाठी वाजवलास?" पद्मावतीला कुसुमबाईंनी विचारलं.

"गिअर बदल, गाडी कण्हतेय," बालाजीनगरला राधाबाई म्हणाल्या.

विक्रमने तीन वेळा जोरात ब्रेक दाबून पाहिला आणि तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. कात्रज चौकाच्या पुढे, घाटाच्या अलीकडे त्याने ती कडेला घेतली. नवा सिलिंडर कुठे पाझरत नाही ना, हे चाकाच्या मागून बघायचं होतं. "एक मिनिट, बाई," असं म्हणून तो इंजिन चालू ठेवून उतरला आणि मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला.

गाडीत तेव्हा वाद चालला होता. सपाटीवर धरला म्हणजे ब्रेक उतारावरही धरेलच, असं कुसुमबाईंचं म्हणणं होतं. उतारावर तपासल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही, असं राधाबाईंचं. "मग चल, आत्ताच दाखवते," असं म्हणत कुसुमबाई उतरून पुढे स्टिअरिंगवर येऊन बसल्या. राधाबाईही उतरून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. दोन्ही दारं धाडधाड लागली. विक्रम चाकाच्या आत बोट घालून बघत होता. सगळं कोरडं ठक्क होतं. "बाई, गळत नाही!" तो आनंदाने म्हणाला, आणि ते चाक त्याच्या समोरून निघून गेलं.

तो तसाच उकिडवा बसून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. मोबाईल गाडीत होता. पाकीटही गाडीतच होतं. अर्धा तास त्याने वाट पाहिली, मग ओळखीच्या एका टेम्पोवाल्याला हात केला आणि त्याच्या हौद्यात कोबीवर बसून गुलटेकडीला परत आला.

दोघी साडेसहाला आल्या. गाडी गॅरेजच्या बरोबर दारात, शटरपासून वीतभर अंतरावर येऊन थांबली.

"कुठे होतास तू?" कुसुमबाई काच खाली करून म्हणाल्या. "घाटात शिरलो आणि मागे बघतो तर तू नाहीस. सांगून जायची पद्धत असते, विक्रम."

"बाई, मी तिथेच..."

"आम्ही खेड शिवापूरपर्यंत शोधत गेलो," राधाबाई म्हणाल्या. "जुन्या घाटाने गेलो, तसेच परत आलो. ब्रेक उत्तम आहे. उतारावर तीनदा तपासला. हिचा निष्कर्ष बरोबर आला, पण पद्धत चुकीची होती."

"निष्कर्ष बरोबर आला ना? मग झालं," कुसुमबाई म्हणाल्या.

"नाही झालं."

"जेवलास का रे तू?" कुसुमबाईंनी एकदम विचारलं. विक्रमने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याने खरं सांगितलं. राधाबाईंनी मागच्या सीटवरून कागदाचा पुडा काढला. खेड शिवापूरला घेतलेली कांदाभजी होती, केव्हाच गार झालेली. विक्रमने ती बॉनेटवर पसरली आणि उभ्या उभ्याच खाल्ली. दोघी दोन बाजूंना उभ्या राहून बघत होत्या, आणि चाकांचं तापमान मोजल्याशिवाय ब्रेक तपासला असं म्हणता येतं का, यावर त्यांचं मोठ्या आवाजात चाललं होतं. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, भांडण लागलंय. एक जण सोडवायलाही आला. विक्रमने त्याला हाताने थांबवलं, आणि पुड्यातलं शेवटचं भजं त्याच्यापुढे केलं.